पंचविसावा गुरू

भागवताच्या अकराव्या स्कंधात एका अवधूताची गोष्ट आहे. त्या अवधूताला आपण दत्तगुरू मानतो. त्यांनी 24 गुरू केले आणि यादी मोठ्या मोकळ्या मनाने केली. पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे. कबुतर, पतंग, हत्ती, मासा, कोळी आहे. पिंगला नावाची वेश्या आहे आणि हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक कमी करणारी कुमारिकाही आहे. अजगरापर्यंत जाऊन पोचलेल्या गुरुशोधकाला म्हैस मात्र दिसली नाही, हे काही मनाला पटत नाही. दत्ताच्या तसबिरीतही तेच. मागे गाय उभी, पायाशी चार कुत्री, आणि म्हैस चौकटीबाहेर. बरं, नरसोबाच्या वाडीला जाऊन बघा. पादुकांचं दर्शन झालं की भाविकांचे पाय आपोआप बासुंदीच्या दुकानाकडे वळतात, आणि ती घट्ट सायीची बासुंदी म्हशीच्या दुधाची असते. काम म्हशीचं आणि फोटो गाईचा! कुठल्याही हापिसात नोकरी केलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही.

गाय माता झाली, बैलाला पोळा मिळाला, नागाला पंचमी मिळाली, घोड्याला चौकाचौकात पुतळे मिळाले, तेही वर स्वार घेऊन. म्हशीच्या जातीला काय मिळालं? एक यम आणि एक महिषासुर. तिकडे चीनमध्ये लाओत्से नावाचा थोर तत्त्वज्ञ सगळं सोडून पश्चिमेकडे निघाला तो म्हशीच्या पाठीवर बसून, अशी चित्रं पिढ्यान्‌पिढ्या काढली जातात. त्यांच्याकडे म्हशीवर शहाणपण बसून येतं आणि आपल्याकडे मरण. कोणी चार घटका शांत बसला की आपण 'म्हशीसारखा काय बसलायस?' म्हणून त्याला उठवतो, आणि मग शांत कसं बसायचं ते शिकायला पैसे भरून शिबिराला जातो.

आमच्या हापिसाने तर सगळ्यांचे पैसे एकदम भरले. मार्च जवळ आला, प्रशिक्षणाच्या हेडखाली पैसे पडून आहेत असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि 'सजग व सर्जनशील जीवन' शिकायला आम्हाला पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका रिसॉर्टवर नेण्यात आलं. शिकवायला आलेले सर अंगात तलम खादी घालून होते आणि इतक्या हळू आवाजात बोलत होते की मागच्या रांगेला सजग होण्यावाचून इलाजच नव्हता. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला.

हा प्रकार थट्टेवारी नेण्यासारखा नाही. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणाव कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. दुखण्यांनी गांजलेल्या पुष्कळ माणसांना त्याचा उपयोग झाला आणि त्यातला हा बेदाण्याचा धडा जगभर गाजला. बेदाणा हातात घ्यायचा, आयुष्यात प्रथमच बघतोय असा बघायचा, सुरकुत्या न्याहाळायच्या, वास घ्यायचा, कानाशी नेऊन हलकेच दाबायचा, मग जिभेवर ठेवायचा, घोळवायचा आणि सगळं झालं की एकदाचा चावायचा.

"काय दिसतंय?" सरांनी कुजबुजत विचारलं.

आमच्या वसुली विभागातले एक गृहस्थ तासगावचे. घरी द्राक्षबाग, बेदाण्याची शेड. त्यांनी दाणा उजेडाकडे धरला, दोन बोटांत दाबून बघितला आणि म्हणाले, "सर, तीन नंबरचा माल आहे. ओल राहिलीय. काय दराने घेतला?"

याहून जास्त सजगता ती काय असते? पण सरांनी त्यांना 'मत बनवू नका, फक्त अनुभवा' असं सांगितलं. तासगावच्या माणसाला बेदाण्याबद्दल मत बनवू नको म्हणणं हे कोल्हापूरच्या माणसाला रश्श्याबद्दल गप्प बस म्हणण्यापैकीच आहे. ते गृहस्थ पुढचे दोन्ही दिवस दुखावलेले होते.

मत न बनवता खाणारा प्राणी बघायचा असेल तर आमच्या गल्लीच्या टोकाला तात्यांच्या गोठ्यात चंद्री आहे. पंढरपुरी जातीची, शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली, अंग काटक, डोळ्यांत कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायची इच्छा नाही. सकाळी तिच्यापुढे कडबा टाकला की ती तो भराभर ओढते आणि अर्धामुर्धा चावून गिळते. इथे शिबिराचे सर नाराज झाले असते. गुरूच घाईघाईने जेवतो म्हणजे काय? पण रानातल्या तिच्या पूर्वजांचा तो धडा आहे. वाघ कुठून येईल सांगता येत नाही, तेव्हा आधी पोटात भरून घ्यावं, बाकीचं सावलीत बसून बघू. घाई आपणही करतो, आणि आपल्यामागे तर वाघसुद्धा नसतो, फार तर साडेनऊची मीटिंग असते. पण आपण गिळतो ते गिळतोच. चंद्री मात्र ते पुन्हा वर काढते.

हे जवळून बघावं. ती बसते तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकते, क्षणभर तशीच राहते, मग मागचा सगळा डोलारा एकदम खाली येतो आणि नाकातून मोठा फुस्स आवाज निघतो. थोडा वेळ काहीच होत नाही. मग मानेच्या खालच्या बाजूने एक गोळा सरसर वर चढताना दिसतो. तो तोंडात पोचला की खालचा जबडा हलायला लागतो, तोही वरखाली नव्हे, आडवा. वरच्या जबड्यात पुढचे दात तिला नसतातच, तिथे नुसती घट्ट गादी असते. एकेका घासाला चाळीस-पन्नास वेळा हा जबडा फिरतो. तोंडाच्या कडेला फेस जमतो, एक कान माशीसाठी हलतो, शेपूट आपल्या हिशेबाने चालू असते, आणि डोळे अर्धे मिटलेले. घास खाली जातो. जबडा थांबतो. पुढचा गोळा वर यायला काही सेकंद लागतात, आणि त्या काही सेकंदांत चंद्री काहीही करत नाही! मी मुद्दाम पाहिलं आहे. माणसाला एवढे सेकंद मिळाले तर तो तीन व्हॉट्सॲप मेसेज पुढे पाठवील, त्यातला एक 'वर्तमानात जगा' असा असेल.

दिवसातले सहा ते आठ तास तिचं हे रवंथ चालतं. पोटाला चार कप्पे; पहिल्यात माल साठतो, भिजतो, आंबतो आणि परतीच्या वाटेने तोंडाकडे येतो. थोडक्यात, चंद्री सगळं दोनदा वाचते. आपण अजिंठ्याला जातो, चारशे फोटो काढतो, घरी येतो आणि फोन भरला म्हणून ते चारशे फोटो न बघता पुसून टाकतो. पुस्तक वाचून होतं न होतं तोच त्याच्या मुखपृष्ठाचं स्टेटस लागतं. लग्नाची पाच तासांची चित्रफीत तर खुद्द नवरा-बायकोनेही पुरती पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गिळायला आपल्याकडे पुष्कळ आहे. कप्पा मात्र एकच, आणि तोही ॲसिडिटीने भरलेला.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला की पलीकडून पहिल्या दोन-तीन प्रश्नांत एक प्रश्न हमखास येतो, "रवंथ करतीय का?" जनावर घाबरलं, दुखण्याने बेजार झालं की रवंथ मंदावतं किंवा बंदच पडतं. ते सुरू झालं की डॉक्टर आणि मालक दोघेही निर्धास्त होतात. माणसांच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली तर दुपारपर्यंत निम्मं शहर भरती करून घ्यावं लागेल.

रवंथ करताना चंद्री झोपलेली असते की जागी, हा प्रश्न मी तात्यांना एकदा विचारला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन्ही हाय की." मी ते हसण्यावारी नेलं नाही, ते बरंच झालं. 2023 साली, काही संशोधकांनी नॉर्वेतल्या ट्रोम्सोला केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी रेनडिअरच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी मोजल्या होत्या. रवंथ करताना त्या लहरी गाढ झोपेतल्या लहरींशी जुळतात, आणि जो रेनडिअर जास्त रवंथ करतो त्याला नंतर झोप कमी लागते, असं दिसलं. जेवणही चाललंय आणि विश्रांतीही. आमच्या हापिसात दुपारी दोन ते तीन हाच प्रयोग कित्येक वर्षं सुरू आहे, फक्त तारा कोणी लावल्या नाहीत.

रवंथ झालं की डुंबणं. म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा फार कमी. त्यात कातडी काळी, ऊन शोषून घेणारी. एप्रिलच्या उन्हात अशी काया घेऊन वावरायचं तर पाणी पाहिजे, आणि पाण्यापेक्षा चिखल बरा, कारण तो अंगावर राहतो, सावकाश सुकतो, तोवर गारवा देतो आणि माश्यांनाही चावू देत नाही. यात मला तिचा जो गुण दिसतो तो शांतीचा नाही, अकलेचा आहे. आपल्याला काय सोसत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि त्यावरचा इलाज करताना लोक काय म्हणतील याची तिला पर्वा नाही. आपण मे महिन्यात कोट घालून लग्नाला जातो. तळ्यात डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडलेल्या म्हशीला त्या वरातीकडे बघून काय वाटत असेल, याचा कधीतरी विचार करावा. तिला काही वाटत नाही, हे उत्तर आहे आणि तिची खरी साधना तीच आहे.

आता सर्जनशील जगण्याचं बघू. शिबिरात यासाठी रंगीत स्केचपेनं वाटली होती आणि 'तुमच्या आतलं मूल काढा' असं सांगितलं होतं. आमच्या हेडक्लार्कनी सवयीने समास सोडून तारीख टाकली. पुढे काही सुचेना, तेव्हा कागदावर 'सोबत जोडले आहे' असं लिहून सही केली. त्यांचा दोष नाही. आतलं काही बाहेर काढायचं असेल तर ते मागून मिळत नाही, हे त्या सरांना माहीत नव्हतं. तात्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, माहीत आहे.

म्हशीचं दूध सडात तयार भरून ठेवलेलं नसतं. ते जवळजवळ सगळं कासेत वर, बारीक बारीक पोकळ्यांत अडून असतं आणि तिने पान्हा सोडला तरच खाली उतरतं. गाय तशी लवकर ऐकते, म्हैस वेळ घेते. रेडकू ढुशा देतं, कासेला कोमट पाण्याचा हात लागतो, पुढ्यात आंबोण येतं, ओळखीचा आवाज कानावर पडतो, मग मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ते रक्तातून कासेपर्यंत पोचतं आणि काही वेळाने सडं टणक होतात. त्याआधी कितीही ओढा, चरवीचा तळ ओला होत नाही. मधेच कुत्रं भुंकलं, नवा माणूस आला, कोणी ओरडलं की ती पान्हा चोरते. चोरते हा गवळ्याचा आरोप आहे. तिच्या बाजूने बघितलं तर माल तिचा, गोदाम तिचं.

काकू एकदा भाचीच्या लग्नाला चार दिवस गेल्या. चंद्रीची धार काकूच काढतात. पहिल्या संध्याकाळी तात्या बसले. आंबोण ठेवलं, पाठीवर थाप मारली, गोड बोलले, मग कमी गोड बोलले. चंद्रीने एकदा मान वळवून कोण आहे ते बघितलं आणि परत समोर बघायला लागली. पाव लिटरसुद्धा नाही. बाहेर कॅन घेऊन रतीबाची माणसं उभी. शेवटी तात्या घरात गेले आणि दांडीवरची काकूंची जुनी साडी डोक्यावरून पदर घेऊन गुंडाळून आले. पदराखालून मिशी बाहेर. गल्लीतली पोरं भिंतीवर चढली. मी हसायला तोंड उघडलं तसे ते पदराआडून दबक्या आवाजात म्हणाले, "गप ऱ्हावा सायेब. ती ऐकतीया." चंद्रीने साडीचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग तिने पान्हा सोडला. ती फसली म्हणून सोडला की तिला नवऱ्याची कीव आली म्हणून सोडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ही युक्ती काही तात्यांनी शोधलेली नाही, गावोगावच्या गोठ्यांत ती जुनी आहे.

सुचण्याविषयी मी जेवढी व्याख्यानं ऐकली त्या सगळ्यांपेक्षा या प्रसंगात जास्त ऐवज आहे. सवयीची वेळ, सवयीची जागा, सवयीचा वास, आणि दारात कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे पाठ. मराठी लेखकाच्या दारात कॅन घेऊन संपादक उभा असतो. त्याचा फोन जूनमध्ये येतो, 'दिवाळी अंकासाठी विनोदी लेख पाठवा, अडीच हजार शब्द, मानधनाचं नंतर बघू.' हा आवाज ऐकून कुठल्या जिवाला पान्हा फुटेल? काही तबेल्यांत मग इंजेक्शन टोचून दूध उतरवतात. जनावराच्या प्रकृतीला घातक ठरेल अशा तऱ्हेने दूध वाढवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. माणसाला लक्ष्य, रेटिंग आणि तिसरा कप कॉफी देऊन हेच करायला मात्र कायद्याची आडकाठी नाही.

आणि यातला सगळ्यात मोठा धडा तर आपण घेतलेलाच नाही. म्हैस दहा महिन्यांहून थोडी जास्त गाभण असते, आणि व्यायच्या आधी साधारण दोन महिने शहाणा गवळी तिला मुद्दाम आटवतो. धार बंद. कासेला विश्रांती मिळाली तरच पुढच्या वेताला दूध चांगलं येतं. या भाकड दिवसांतही तिला वैरण मिळते, पेंड मिळते, पाठीवर हात फिरतो. कोणी तिला 'हल्ली तुमचं काही आलं नाही वाटतं?' असं विचारत नाही. दूधधंद्यात वर्षाचेही दोन भाग मानतात, पुष्टकाळ आणि कृशकाळ. थंडीत दूध मुबलक, उन्हाळ्यात तुटपुंजं. डेअरीवाले ते गृहीत धरून हिशेब मांडतात. आमच्या साहित्यात कृशकाळ मान्यच नाही. वीस-वीस वर्षं दर रविवारी सदर पाडणारे लोक आहेत. त्यांना प्रेमाने आटवणारं कोणी भेटलं नाही, एवढंच म्हणता येईल. वाचकांनी वेळोवेळी तसा प्रयत्न केलेला आहे.

म्हशीच्या दुधाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. त्यात स्निग्धांश सहा ते आठ टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. पन्नासच्या दशकात गुजरातेत आणंदला प्रश्न आला की जास्तीच्या दुधाची पावडर करायची. परदेशातल्या जाणकारांनी सांगितलं, म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही. त्यांची सगळी यंत्रं, सगळी पुस्तकं गाईवर लिहिलेली. हरिचंद दलाया नावाच्या तंत्रज्ञाने ती करून दाखवली आणि 1955 साली आणंदचा कारखाना सुरू झाला. या सगळ्या चर्चेत म्हशीने आपलं दूध बदललं नाही, हे ध्यानात घ्या. 'बाजाराला चालेल असं थोडं पातळ देऊ का?' असंही तिने विचारलं नाही. यंत्रवाल्यांना तिच्याप्रमाणे वागावं लागलं. आमच्या ओळखीचे एक कवी आहेत, त्यांना ही गोष्ट मी दोनदा सांगितली. ते हल्ली चारोळ्या करतात.

म्हैस म्हणजे सुस्त, हे मत ज्यांचं असेल त्यांनी दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात यावं. शिंगं रंगवलेली, त्यांवर मोरपिसं, अंगावरचे केस कातरून काढलेली नक्षी आणि नावं, गळ्यात घुंगरं. मालक मोटरसायकलवर, सायलेन्सर काढलेला, फटफटाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. चारी बाजूंनी तशाच गाड्या, तसेच मालक. आणि म्हैस नेमकी आपल्या मालकाच्या गाडीमागे शेपूट वर करून धावत सुटते, दुसऱ्याच्या मागे नाही. त्या गोंगाटात तिला आपल्या माणसाचा आवाज तेवढा ऐकू येतो. आमच्या घरी टीव्ही चालू असताना बायकोने 'अहो' म्हटलेलं मला ऐकू येत नाही. बाकी त्या धुराचं आणि गोंगाटाचं मी समर्थन करणार नाही. म्हशीला आवाज ओळखता येतो म्हणून गल्लीला बहिरं करण्याचं कारण नाही.

गुरूचं आणखी एक लक्षण म्हशीच्या घराण्यात आहे, ते म्हणजे वेळेवर गप्प बसणं. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले, अशी आपली श्रद्धा आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, लोक दर्शनाला जातात. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातलं पुढचं वागणं महत्त्वाचं वाटतं. एकदा वेद म्हणून झाल्यावर त्या रेड्याने प्रवचनांचे दौरे काढले नाहीत, 'रेडा उवाच' म्हणून पुस्तक छापलं नाही, शिष्य जमवले नाहीत. तो माउलींबरोबर मुकाट चालत राहिला. आज कुणाचं एक भाषण मोबाईलवर गाजलं की दुसऱ्या दिवसापासून तो माणूस आहार, विवाह, शेअर बाजार आणि परराष्ट्र धोरण यांवर बोलायला लागतो.

एवढं लिहून मी म्हशीला संत ठरवतोय असा समज होऊ नये. चंद्रीचा स्वभाव आडमुठा आहे. धारेला अर्धा तास उशीर झाला तर ती गल्ली डोक्यावर घेते. एका विमा एजंटाला तिने शिंगाने सरळ गटारात बसवलं. त्याबद्दल मात्र तिच्यावर माझा राग नाही. आणि तिच्या गळ्यात दावं आहे, ते तिने मागून घेतलेलं नाही. तिची रेडकं पुढे कुठे जातात हे विचारल्यावर तात्या विषय बदलतात. दुसऱ्याच्या गळ्यातल्या दाव्याकडे बघून आपण मनःशांतीचे धडे काढावेत, यात थोडी सोय आपलीच आहे.

शिवाय ज्यांच्या घरी ही गुरुमाउली चोवीस तास बांधलेली आहे त्यांच्या आयुष्यात शांती किती? तात्या पहाटे साडेतीनला उठतात. शेण काढणं, गोठा धुणं, वैरण, धार, रतीब. दुपारी डुलकी लागते न लागते तोच पुन्हा संध्याकाळची धार. सुट्टी नाही, सणवार नाही, लग्नाला गेलं तरी जीव गोठ्यात. शिबिराहून आलो त्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "तात्या, हिच्याजवळ बसून तुम्हाला किती शांत वाटत असेल!"

"शांत?" तात्या म्हणाले. "आवो, सरकी पेंडीचा भाव ऐकलासा काय?"

मी ऐकला. त्यानंतर मला स्वतःलाच बराच वेळ रवंथ करावं लागलं.

तेव्हा कोल्हापूरला आलात, अंबाबाईचं दर्शन झालं, मिसळ झाली, की संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जरूर जा. म्हशी तिथेच उभ्या असतात, धार तुमच्यासमोर निघते आणि फेसाळ ग्लास थेट हातात येतो. डॉक्टर कच्चं दूध पिऊ नका म्हणतात, तेही खरं आहे. पोट शहरी असेल तर नुसतं बघा, नाहीतर घरी नेऊन उकळून प्या. फक्त तिच्या तोंडावर मोबाईलचा फ्लॅश मारू नका, सेल्फीसाठी कासेशी वाकू नका आणि 'बाळा, याला सजगता म्हणतात' असं पोराला मोठ्याने समजावू नका. तिने पान्हा चोरला तर मागे रांगेत तालमीतले पैलवान उभे असतात. ते तुम्हाला तिथल्या तिथे वर्तमानात आणतील, आणि त्यांच्या शिबिराची फी हापिस भरत नाही.